हिरव्या टॉवेलचा मुलगा

ओशेर वाक्नीन पाळण्यात होता तेव्हापासून मी त्याला ओळखते. सरहद्दीजवळच्या आमच्या गावात एकाच जिन्यावर आमची दारं. ते तिसऱ्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या. त्यांच्या घरात मोरोक्कोची अरबी, आमच्या घरात आई-वडिलांबरोबर आलेली मराठी, आणि जिन्यात उतरलं की सगळे हिब्रू. त्याची आई सोलिका दर मंगळवारी कुसकुस, म्हणजे रव्याचे वाफवलेले दाणे आणि वर भाज्यांचा रस्सा, करायची आणि झाकलेलं एक पातेलं माझ्याकडे खाली यायचं. बहुतेक वेळा ते ओशेरच घेऊन यायचा. पातेलं ओट्यावर ठेवायचा, मान खाली घालून दोन मिनिटं उभा राहायचा आणि काही न बोलता निघून जायचा. मोठा भाऊ शारली मात्र बोलघेवडा. त्याच्यापुढे ओशेरला तोंड उघडायची संधीच मिळाली नाही, असं सोलिका म्हणायची.

मोठेपणी ओशेर सफरचंदांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये लागला. यंत्रं राखायची, थंडी कमी-जास्त होऊ द्यायची नाही, एवढं काम. सैन्यात असताना एका स्फोटात उजव्या कानाचं ऐकणं गेलं होतं, त्यामुळे राखीव सैनिकांच्या यादीतून त्याचं नाव कटलेलं. एरवी कुणाला ते जाणवतही नसे. पण युद्ध सुरू झालं, गाव रिकामं करा म्हणून हुकूम आला, आणि आम्हा सगळ्यांना तिबेरियासला तळ्याकाठच्या एका हॉटेलात आणून टाकलं. तेव्हा त्याच्या वयाचे सगळे पुरुष गणवेशात होते आणि हा चौतीस वर्षांचा धडधाकट माणूस सकाळी म्हाताऱ्यांबरोबर उकडलेली अंडी सोलत बसलेला. कुणी काही म्हणत नव्हतं. तरी तो प्लेट घेऊन कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसायचा.

पंधरा दिवसांत परतू, असं सांगितलं होतं. चार महिने झाले तरी आम्ही तिथेच. त्याच हॉटेलात किबुट्झ गान एलाची माणसंही होती. गान एला म्हणजे शेती, जेवण सगळं सामाईक असलेली वसाहत, आमच्या गावापासून गाडीने सात मिनिटांवर. त्यांच्या बागा, त्यांचं तळं, त्यांचा पोहण्याचा तलाव, आणि त्यांच्या बागांत सफरचंदं तोडायला जाणारे आमच्या गावचे लोक. सत्तर वर्षांचा शेजार, पण एका टेबलावर जेवायची वेळ पहिल्यांदाच आली.

आणि भांडण झालंच. एका सकाळी गान एलाची एक बाई काउंटरच्या मागे गेली आणि पाव कापायची सुरी घेऊन आली. जन्मभर सामाईक जेवणघरात वाढलेली बाई, तिला त्यात काही वावगं वाटलं नसणार. आमच्या गावचा एकजण रांगेतून म्हणाला, "हे तुमचं जेवणघर नाही, बाई. इथं सगळे रांगेत." तिने उलट उत्तर दिलं. मग सुरी राहिली बाजूला आणि जमिनी निघाल्या, मतं निघाली, युद्धाआधीच्या वर्षभरात सरकारविरुद्ध कोण रस्त्यावर उतरलं होतं आणि कोण घरी बसून त्यांना शिव्या घालत होतं, ते निघालं. एकाने तर युद्ध तुमच्यामुळे आलं इथवर मजल मारली. कोशिंबिरीची एक थाळी जमिनीवर पडली. ती कुणी उचलेना.

ती थाळी एमुनाने उचलली. एमुना आमच्या गावची बालवाडीची बाई, डोक्याला रुमाल, नवरा चार महिने गाझात लढत. काकडीचे तुकडे गोळा करायला तिच्याबरोबर दुसरी एक मुलगी खाली बसली, गान एलाची गेफेन, समाजकार्याचं शिकणारी, नाकात वाळी. दोघींची ओळख कपडे धुण्याच्या यंत्रापाशी झाली होती म्हणे. दोन दिवसांनी लिफ्टमध्ये एक कागद चिकटवलेला दिसला: "मंगळवार, पाच वाजता, जेवणघर. पस्तिशीच्या आतल्यांनी भांडायला या, पण आळीपाळीने."

मी त्या वयात बसत नव्हते. पण चहाच्या बॉयलरजवळचं टेबल कुणाच्या बापाचं नव्हतं, म्हणून मी विणकाम घेऊन तिथे बसायला लागले. पहिल्या मंगळवारी नऊजण आले, तिसऱ्या मंगळवारी सव्वीस. नियम एकच होता आणि तो गेफेनने कुठेतरी शिकलेला होता. तुमच्या आधी जो बोलला, त्याचं बोलणं आधी तुम्ही सांगायचं, आणि ते 'मी' म्हणूनच. जणू ते तुमच्यावरच बेतलंय. ते त्याला पटलं तरच मग तुमची पाळी. पहिल्यांदा पोरं हसायची. धार्मिकांची छोटी टोपी घातलेला मुलगा सांगतोय, "मी दर शनिवारी निदर्शनाला जायचे," आणि केस रंगवलेली मुलगी म्हणतेय, "माझा मेव्हणा लढाईत पडला तेव्हा मी देवाला जाब विचारला, तरी प्रार्थना चुकवली नाही." हळूहळू हसणं थांबलं.

ओशेर चौथ्या मंगळवारी आला. डावा, चांगला कान माणसांकडे येईल अशी खुर्ची निवडून बसला. त्या दिवशी विषय होता, समोरच्यांचा पहिल्यांदा राग कधी आला. त्याच्यावर पाळी आली तेव्हा मला वाटलं हा नाही म्हणेल. पण तो बोलला.

मी सात वर्षांचा होतो, त्याने सांगितलं. उन्हाळ्याची सुट्टी होती, गरम वारे सुटले होते. गान एलाच्या तलावात पोहायला मिळतं असं कुणीतरी सांगितलं म्हणून मी शेतातल्या वाटेने चालत गेलो. लोखंडी फाटक इतकं तापलं होतं की हात ठेवला तर चटका बसला. आतून क्लोरीनचा वास येत होता, मुलं पाण्यात उड्या मारत होती. फाटकावर चामडी चपला घातलेला एक माणूस बसला होता. त्याने विचारलं, तू कुणाचा? मी बापाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, इथला नाहीस, घरी जा. मी म्हणालो, मला फक्त पाय बुडवायचेत. तो म्हणाला, पाय घरी धू.

एवढंच त्याने सांगितलं. पुढची पाळी गेफेनची होती. नियमाप्रमाणे तिला ते 'मी' म्हणून सांगायचं होतं. "मी सात वर्षांचा होतो," तिने सुरुवात केली, आणि तापलेल्या फाटकापर्यंत आली तेव्हा तिचा आवाज फुटला. तिने तरी शेवटपर्यंत सांगितलं. 'पाय घरी धू' म्हणताना ती खाली पाहत होती. आमच्या गावची दोन पोरं उठून बाहेर गेली.

त्यानंतर ती गोष्ट ओशेरच्या हातात राहिली नाही. गोलातल्याच कुणीतरी ती लिहिली आणि ती फोनाफोनांतून फिरली. हायफाचा एक गट, दक्षिणेकडचा एक, जेरुसलेमचा एक, असे ठिकठिकाणचे तरुण युद्धाच्या दिवसांत असेच गोल करून बसत होते. तिथे ती म्हणे मोठ्याने वाचली जायची. हॉटेलात लोक ओशेरच्या पाठीवर थोपटायला लागले. गान एलाची सुरीवाली बाई त्याच्या टेबलावर स्वतः भाजलेला केक ठेवून गेली. आता तो भिंतीकडे तोंड करून बसत नव्हता. सोलिकाला तर काय झालंय ते नीट कळलंच नव्हतं. माझ्या मुलाने तलावाबद्दल भाषण केलं, एवढंच ती सांगायची.

दोन मंगळवारांनी गेफेनचे आजोबा आले. एल्हानान त्यांचं नाव, वय एक्याऐंशी. किबुट्झातली बरीच म्हातारी माणसं तळ्याच्या पलीकडच्या दुसऱ्या हॉटेलात होती, तिथून ते बसने आले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. ते बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि म्हणाले की उन्हाळ्यात फाटकाची पाळी सगळ्यांना आलटून-पालटून यायची, पण चामडी चपला घालणारा मीच. मग ते ओशेरकडे वळले.

"तू मला आठवतोस. तुझ्या गळ्यात हिरवा टॉवेल होता. नवा कोरा होता. तू गेल्यावर मी बराच वेळ त्या वाटेकडे बघत होतो. बोलवावं असं वाटलं, पण बोलावलं नाही. माझी चूक झाली, पोरा."

ते रडत होते. ओशेर उठला, त्यांचा हात हातात घेतला आणि तसाच उभा राहिला. एमुनाही रडली, मीही रडले, खोटं कशाला सांगू. टाळ्या वाजवाव्यात की काय हे न कळून काहींनी वाजवल्या आणि लगेच थांबवल्या.

मला वाटलं, झालं. काहीतरी जुळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओशेरने आईला सगळं सविस्तर सांगितलं. मी त्याच टेबलावर होते. म्हातारा काय म्हणाला, हिरवा टॉवेल कसा त्याच्या लक्षात राहिला. सोलिका पावाला लोणी लावत होती. ती थांबली.

"हिरवा टॉवेल शारलीचा, कपारा," ती म्हणाली. लाडात आली की ती असंच म्हणते, माझ्या जिवा अशा अर्थाने. "शाळेत पोहणं शिकवणार होते म्हणून त्याला घेतला होता. तू कुठला? तू तीन वर्षांचा. तुला गोवर झाला होता, मी तुला मांडीवर घेऊन बसले होते."

ओशेर म्हणाला, नाही आई, मी गेलो होतो. चटका अजून आठवतो.

"चटका शारलीला बसला. मी हाताला दही लावलं. जेवताना रोज सांगायचा तो. रोज. तुझ्या बापाने शेवटी टेबलावर हात आपटून त्याला गप्प केलं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मावशी, तुम्ही जिन्यात असायच्या. तुम्हाला काय आठवतं?"

मी आठवून पाहिलं. शारली जिन्याच्या पायरीवर बसलेला मला दिसत होता. केस कोरडे, गळ्यात टॉवेल. टॉवेल हिरवा होता का? आता हिरवाच दिसतो, पण तो म्हाताऱ्याने सांगितल्यावर हिरवा झाला असेल. आणि त्याच्या शेजारी आणखी कुणी लहान बसलं होतं का? मला कधी दिसतं, कधी दिसत नाही. मी त्याला तसंच सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे तुम्हालाही माहीत नाही. मी म्हणाले, नाही.

त्या आठवड्यात त्याचं वजन उतरल्यासारखं झालं. मला येऊन पुन्हा पुन्हा तेच विचारायचा. मी खोटं बोललो का? मी म्हणायचे, खोटं बोलायला आपण खोटं बोलतोय हे माहीत असावं लागतं. मग तो म्हणायचा, पण क्लोरीनचा वास? तो कुठून आला? शारलीने वास थोडाच सांगितला असेल. आणि मग तोच म्हणायचा, सांगितलाही असेल. त्याला सगळं सांगायची सवय होती.

शारली तेव्हा राखीव सैन्यात इंधनाचा टँकर चालवत होता. दोघे भाऊ एका पेट्रोल पंपावरच्या कॉफीच्या टपरीवर भेटले. जे झालं ते ओशेरने मला नंतर जसंच्या तसं सांगितलं, आणि त्याच्याकडे शब्द कमी असले तरी ते तो बदलत नाही.

शारलीला सगळं आधीच माहीत होतं. त्याच्या तुकडीतल्या कुणीतरी फोनवर ती गोष्ट वाचून दाखवली होती.

"मग बोलला का नाहीस?" ओशेरने विचारलं.

"काय बोलू? छान सांगितलीस. माझ्यापेक्षा छान. मी सांगायचो तेव्हा कुणी रडलं नाही."

"तो म्हातारा माझ्यापाशी माफी मागून गेला, शारली. ती तुझी आहे. तू ये आणि घे."

शारलीने कपात साखर टाकली आणि ढवळतच राहिला. "मला नको. माफी घेतली की पुढे काहीतरी करावं लागतं," तो म्हणाला.

मग त्याने एक गोष्ट सांगितली. ती तो घरी जेवणाच्या टेबलावर कधीच बोलला नव्हता. तलावावरून हाकलल्यानंतर आठ-दहा दिवसांनी तो सुरी घेऊन गान एलाच्या बागेत गेला आणि पाण्याच्या नळ्या कापून आला. चार ओळी. ऐन उन्हाळ्यात. झाडं किती गेली ते त्याला माहीत नाही. पण बागेत पाण्यावर देखरेख करणारा आदीब नावाचा अरब माणूस होता, पलीकडच्या डोंगरातल्या गावचा, येता-जाता पोरांना सफरचंदं देणारा. नळ्या कापल्यावर तो पुन्हा बागेत दिसला नाही. बागेचा मुकादम कोण, तर एल्हानान.

"त्याला काढलं का?" ओशेरने विचारलं.

"मला काय माहीत? सात वर्षांच्या पोराला कोण सांगणार? तो दिसायचा बंद झाला, एवढं माहीत आहे. त्या दिवसापासून मी तलावाची गोष्ट सांगायचं सोडलं. बाबांनी टेबलावर हात आपटला म्हणून नाही."

तो टँकरकडे गेला. ओशेर कॉफी न पिता परत आला.

पुढच्या मंगळवारी त्याने गोलात सगळं सांगून टाकलं. म्हणजे अर्धं. ती गोष्ट माझी नाही, माझ्या भावाची आहे, मला माझी वाटत होती, असं. नळ्यांचं नाही सांगितलं, कारण ते सांगायचा हक्क त्याचा नव्हता. मला वाटलं होतं लोक समजून घेतील. तसं काही झालं नाही. आमच्या गावचा एक पोरगा चिडला. कुणाच्या का बाबतीत होईना, झालं ना, मग आता मागे कशाला घेतोस, असं त्याचं म्हणणं. गान एलाच्या एकीने विचारलं, मग आणखी काय काय ऐकीव आहे तुमचं? त्यावरून पुन्हा आवाज चढले. एमुनाने नियमाची आठवण करून दिली. पण ओशेरचं बोलणं 'मी' म्हणून सांगायला कुणी तयार होईना. काय सांगायचं? जे माझ्यावर बेतलं नाही ते माझ्यावर बेतलं नाही?

गेफेन सगळ्यांत जास्त दुखावली होती. "माझे आजोबा तुझ्यापुढे रडले," ती त्याला म्हणाली. "एक्याऐंशी वर्षांत ते कधी रडल्याचं मी ऐकलं नव्हतं. आता त्यांना जाऊन काय सांगू, चुकीच्या माणसापुढे रडलात?"

ओशेर म्हणाला, मी सांगतो. आणि तो खरंच गेला, तळ्याला वळसा घालून, दुसऱ्या दिवशी दुपारी.

एल्हानान व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. फाटकावरून किती मुलं परत पाठवली त्याचा हिशेब नाही, त्यांतला एखादा तू असशीलही, असं म्हणाले. ओशेर म्हणाला, मी तीन वर्षांचा होतो. त्यावर ते म्हणाले की मग त्याला माझा निरोप दे, ज्याचा टॉवेल होता त्याला. उठता उठता ओशेरने सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमच्या बागेत आदीब म्हणून कुणी होता का? एल्हानान विचारात पडले. आदीब? बरेच होते, ते म्हणाले. पाण्यावर कोण होता ते आता डोळ्यांपुढे येत नाही. नळ्या कापल्या होत्या एकदा, ते आठवतं. चाळीस झाडं गेली. कोणती जात होती तेही त्यांनी सांगितलं.

ओशेर मला म्हणाला, "मावशी, टॉवेलचा रंग आठवतो, झाडांची जात आठवते. माणूस आठवत नाही. असं कसं?" मलाही माझ्या जिन्यातलं काय आठवतं ते मी नुकतंच पाहिलं होतं.

उन्हाळा गेला, सण गेले, आणि युद्ध उत्तरेला वाढलं. तिबेरियासलाही भोंगे वाजायला लागले. मंगळवारचा गोल कधी संरक्षक खोलीत भरायचा, कधी भरायचाच नाही. एमुनाचा नवरा पायाला जखम होऊन परत आला, ती हॉस्पिटलच्या फेऱ्यांत अडकली. ओशेरशी गेफेन जेवणघरात नुसती मान हलवायची. मग थंडीच्या तोंडावर आमच्या बाजूला युद्धविराम झाला आणि लोक जाऊ की नको करत गावाकडे बघून यायला लागले.

त्याच दिवसांत एका शुक्रवारी सकाळी शारली हॉटेलात आला. गणवेशातच होता, बंदूक खांद्याला. आई झोपली होती, त्याने उठवू नका म्हणून सांगितलं. ओशेरला म्हणाला, त्या आदीबचं गाव मी शोधून काढलंय, माणूस जिवंत आहे, चल.

दोघे गेले. पुढचं मी दोघांकडूनही ऐकलं आहे, दोघांना वेगवेगळं बसवून.

आदीब सत्तरीचा, डोंगरउतारावर त्याचं दुमजली घर. दार सुनेने उघडलं. गणवेशातला माणूस पाहून तिने आधी आत हाक मारली आणि मगच दार पूर्ण उघडलं. बंदूक गाडीत ठेवून जायला परवानगी नसते, म्हणून शारलीने ती सोबत आणली होती. बैठकीत बसल्यावर त्याने ती सोफ्याखाली सरकवली. कॉफी आली, वाटीत बदाम आले. सुनेने तबक सोफ्यापासून लांबच्या टेबलावर ठेवलं, त्यामुळे दरवेळी उठून कप घ्यावा लागत होता. आदीबने त्यांच्या गावाची विचारपूस केली, छपरं राहिली का विचारलं. त्यांच्याही वरच्या गल्लीत रॉकेट पडलं होतं, ते त्याने सांगितलं. हिब्रू त्याची झकास होती.

मग शारलीने सांगितलं. तलावापासून नळ्यांपर्यंत सगळं, आणि माझ्यामुळे तुमचं काम गेलं असेल तर माझी चूक झाली, हेही.

आदीबने लक्ष देऊन ऐकलं.

"नळ्या? मला नाही आठवत बुवा," तो म्हणाला. "मी स्वतःच सोडलं काम. खाणीत बरं काम मिळालं म्हणून सोडलं. जुन्या गोष्टी आहेत. घ्या, कॉफी घ्या, गार होईल."

शारलीने पुन्हा विचारलं, नक्की ना? आदीब हसला आणि म्हणाला, माझ्यावर कुणी रागावलं नव्हतं, मी कुणावर रागावलो नाही, सगळं ठीक आहे. दाराशी त्याने दोघांशी हात मिळवला आणि ओशेरच्या हातात घरच्या ऑलिव्हची बरणी दिली. जिना उतरेपर्यंत वर कुणी दार लावलं नाही.

गाडीत शारली शीळ घालत होता. एकतीस वर्षं उगाच डोक्यावर ओझं घेऊन फिरलो, तो म्हणाला, माणसाला आठवतसुद्धा नाही. मला भेटला तेव्हाही त्याचं तेच. मोकळा दिसत होता. घरी जाऊन बायकोला सांगतो म्हणाला.

ओशेर बरणी घेऊन माझ्या खोलीत आला आणि पलंगाच्या कडेवर बसला.

"त्याला आठवत होतं, मावशी," तो म्हणाला. "नळ्या म्हटल्यावर त्याने सुनेकडे पाहिलं."

"मग खोटं का बोलेल?"

"तुम्ही बोलला असता का खरं? समोर गणवेश, सोफ्याखाली बंदूक, या दिवसांत?"

मी म्हणाले, तू शारलीला हे सांगितलंस का? त्याने मान हलवली, नाही म्हणून. शीळ घालत होता तो, त्याला कसं सांगू, म्हणाला. आणि थोड्या वेळाने म्हणाला की कदाचित तो नुसताच सुनेकडे पाहत असेल, कॉफी आणखी हवी म्हणून. मला काय दिसतं आणि मी काय जोडतो, यावर माझा आता भरवसा राहिलेला नाही, असं तोच म्हणाला.

एल्हानानचा निरोप त्याने शारलीला दिला होता. शारली म्हणाला, त्यांना सांग, पोचला. पण समोरासमोर ते दोघे भेटले नाहीत. म्हातारा त्याच हिवाळ्यात न्यूमोनियाने गेला. अंत्ययात्रेला ओशेर गेला आणि मागे उभा राहिला. गेफेनने त्याला बोलावून पुढे नातलगांत उभं केलं. का, ते त्याला कळलं नाही. परत येताना तिला विचारलं, तर तिने खांदे उडवले आणि म्हणाली, मलाही माहीत नाही, तू मागे असलेला बरा वाटेना.

वसंतात आम्ही गावी परतलो. आमच्या ब्लॉकच्या काचा फुटल्या होत्या, जिना मात्र शाबूत. कोल्ड स्टोरेजचं छप्पर उडालं होतं, ओशेर पहिले दोन महिने तेच उभं करण्यात होता. सोलिकाचं मंगळवारचं कुसकुस पुन्हा सुरू झालं, पण पातेलं आता ती स्वतः दुपारी घेऊन येते आणि बसते, कारण ओशेर तेव्हा मंगळवारच्या बैठकीच्या तयारीला गेलेला असतो. गेफेन आणि एमुनाने ती आमच्या शाळेत सुरू केली आहे. आता वयाची अट काढली आहे, म्हणून मीही रीतसर खुर्ची घेऊन बसते. मागच्या वेळी सतराजण होते. त्यांतले दोघे भांडून मधूनच उठून गेले आणि एकजण परत आला.

ओशेर एकही मंगळवार चुकवत नाही. दुसऱ्यांचं बोलणं 'मी' म्हणून सांगण्यात त्याच्याइतकं अचूक कुणी नाही, एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. लोक मुद्दाम त्याच्या आधीची खुर्ची धरतात. त्याची स्वतःची पाळी आली की तो म्हणतो, माझं अजून ठरत नाही, पुढच्याला विचारा.